लढाईत आमच्या खासदाराचं मत कुठं असतं?

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात भुसावळला चहाच्या टपरीवर एकच विषय होता, भोंगा. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी केंद्र सरकारनं ठिकाणांची यादी काढली आणि तीत मुंबई, उरण, तारापूरबरोबर भुसावळचंही नाव होतं. जंक्शन, यार्ड, संरक्षण खात्याचा कारखाना, शेजारी दीपनगरचं वीजकेंद्र. नाव का आलं हे इथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पोरं मोबाइलवर भोंगे वाजवून एकमेकांना दचकवत होती. आम्ही भोंग्याची वाट बघत झोपलो आणि 7 तारखेला उजाडलं तेव्हा ऑपरेशन सिंदूरची बातमी आलेली होती.

शेजारच्या म्हातारीचा नातू फौजेत आहे. माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं, बोलणं सगळं अहिराणी. अंगण झाडता झाडता तिनं विचारलं, "गुर्जी, आते लढाई व्हई का?"

"ते दिल्लीवाले ठरवतील, माय."

तिनं झाडू थांबवला. "दिल्लीवाला म्हन्जे कोन?"

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड जायला नको होता. मी "सरकार" म्हणालो आणि घरात आलो. वर्षभरापूर्वी उन्हात रांगेत उभं राहून तिनं ज्याला निवडायला मत टाकलं, तो खासदार या ठरवण्यात कुठं होता? कुठंच नव्हता. तो सत्तेतल्या पक्षाचा असला काय आणि विरोधातला असला काय, त्यालाही बातमी टीव्हीवरच कळली असणार. हे मी तिला सांगितलं नाही.

आपल्या संविधानात "युद्ध आणि शांतता" हा विषय सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत आहे, पंधरावी नोंद. म्हणजे त्यावर कायदा करायचा अधिकार संसदेला आहे. कलम 53 सांगतं की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील आणि त्याचा वापर कायद्यानं नियमित होईल. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. पण लढाई सुरू करण्याआधी किंवा सुरू झाल्यावर ठरावीक दिवसांत लोकसभेची संमती घ्या, असं कुठंही लिहिलेलं नाही. गंमत अशी की कलम 352 खाली युद्धाच्या कारणानं आणीबाणी लावायची असेल तर महिनाभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमतानं. नागरिकाचे हक्क आवळायला संसदेला विचारावं लागतं. त्याच नागरिकाच्या पोराला सीमेवर लढायला लावताना विचारावं लागत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, "मग काय, शत्रू दारात आल्यावर मतदान घेत बसायचं?" या उत्तराकडे मी येणार आहे. त्याआधी खान्देशातल्याच एका गावात जाऊ.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन म्हणून आपण ते पाठ केलं आहे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, राबणारे हात धनाजी नाना चौधरी आणि पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचे. आपण मंडप आठवतो, बैलगाड्या आठवतो, शेतसाऱ्याचे नि कर्जाचे ठराव आठवतो. एक ठराव मात्र सहसा कुणाच्या तोंडी नसतो, तो युद्धाच्या धोक्याबद्दलचा. युरोपात पुन्हा ढग जमत होते. साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानला ओढू नका, आम्ही त्यात भाग घेणार नाही, ही भूमिका त्या अधिवेशनानं घेतली. केळी-कपाशीच्या मुलखात बसून माणसं जगाच्या लढाईवर मत देत होती आणि त्यात कुणाला आगाऊपणा वाटला नाही.

तीन वर्षांनी, 3 सप्टेंबर 1939 ला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. मध्यवर्ती विधिमंडळ होतं, प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं होती. कुणालाही विचारलं नाही. ऑक्टोबरात काँग्रेसच्या प्रांतांतल्या विधानसभांनी खेद व्यक्त करणारे ठराव केले. हिंदी जनतेच्या संमतीशिवाय देशाला युद्धात सहभागी केलं, ही त्यातली मुख्य तक्रार. मग मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं, ज्याच्या बाकांवर पूर्व आणि पश्चिम खान्देशचे आमदारही होते. हिटलरविरुद्ध लढू नये असं त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं नव्हतं. नेहरूंचं तर मुळीच नव्हतं. न विचारता लढाईत लोटलं, हे सहन होणारं नव्हतं. पुढचं नंदुरबारला ठाऊक आहे. 9 सप्टेंबर 1942, हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबरची चार पोरं गोळीबारात पडली. चौकात त्यांचं स्मारक आहे.

देशभक्ती म्हणजे सरकार म्हणेल त्या लढाईला मान डोलावणं, हा अर्थ निदान आपल्या भागाला परका असायला हवा. इथली देशभक्ती सुरूच झाली ती "कुणाला विचारून?" या प्रश्नापासून. मग स्वतंत्र भारतात तोच प्रश्न विचारणारा देशद्रोही कसा ठरायला लागला, हे समजून घ्यायला 1962 कडे जावं लागतं.

बासष्टबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात: चीननं दगा दिला, आणि नेहरू भोळे होते. मधली एक गोष्ट सुटते, लोकमताची. अक्साई चीनमधून चीननं काढलेल्या रस्त्याची माहिती सरकारनं संसदेला दिली ती 1959 मध्ये, उशिरा. श्वेतपत्रिका निघाल्या, लोंगजूला चकमक झाली, ऑक्टोबरात कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले. देश पेटला, आणि ते योग्यच होतं. पण एप्रिल 1960 मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय दिल्लीत आले तेव्हा वाटाघाटीचा नुसता उच्चारही विकल्यासारखा वाटावा, इतकं वातावरण तापलेलं होतं. संसदेत सगळ्या बाजूंनी एकच सूर, एक इंचही नाही. इंच सोडावा असं मी म्हणत नाही. त्या दोन-तीन वर्षांत "आपल्या सैन्याकडे बर्फातले बूट आहेत का?" हा प्रश्न "इंच" या शब्दाच्या मानानं फारच कमी वेळा विचारला गेला, एवढंच म्हणतो. 12 ऑक्टोबर 1962 ला श्रीलंकेला निघताना विमानतळावर नेहरू पत्रकारांना म्हणाले की आपला भूभाग मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. लोकमताला हवं होतं तेच वाक्य होतं ते. आठ दिवसांनी हल्ला झाला.

तरी त्या वेळची एक गोष्ट आजच्या मानानं मोठी वाटते. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत तरुण खासदार होते. त्यांनी आणि इतर विरोधकांनी संसद लवकर बोलवा अशी मागणी केली आणि नेहरूंनी ती मानली. 8 नोव्हेंबरला, लढाई चालू असताना, अधिवेशन सुरू झालं. ज्यांच्याकडे संरक्षण खातं होतं त्या कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं होतं, तेही स्वपक्षाच्या खासदारांच्या दबावानं. सरकारवर टीका झाली, उघड झाली. 14 नोव्हेंबरला ठराव मंजूर झाला: कितीही काळ लागो, आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीवरून हुसकावून लावू. सदस्यांनी उभं राहून तो मंजूर केला, विरोधात कुणी नाही. आठवड्याच्या आत सेला खिंड आणि बोमडीला चीनच्या हाती पडले. 21 नोव्हेंबरला चीननंच एकतर्फी युद्धविराम केला.

तो ठराव आजही तसाच आहे.

एकमताच्या त्याच दिवसांत जे विचारायचं राहून गेलं त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली. आसाम-बंगालमधून चिनी वंशाचे सुमारे तीन हजार लोक, कित्येक इथंच जन्मलेले, उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले. काही जण तिथं वर्षानुवर्षं होते. लढाईसाठी लावलेली आणीबाणी लढाई संपल्यावरही उठली नाही, जानेवारी 1968 पर्यंत राहिली. पराभव का झाला याची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केली. अहवाल 1963 चा. सरकारं आली, गेली, विरोधात असताना अहवाल मागणारे सत्तेत आले. तो संसदेच्या पटलावर अजून ठेवलेला नाही. आमच्या वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना त्याच लढाईच्या धड्यातून 1964 मध्ये उभा राहिला. साठ वर्षं तिथून काडतुसं बाहेर पडताहेत, अहवाल आत आहे.

लोकमताचा जोर किती होता याची एक शेजारची खूण सांगतो. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, आणि 1963 मध्ये लोकसभेवर निवडून यायचं तर नाशिकची जागा रिकामी होती. त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. संरक्षणमंत्र्याविरुद्ध अर्ज भरणं म्हणजे देशाविरुद्ध अर्ज भरणं, असं वातावरण. चव्हाणांबद्दल मला आदरच आहे, त्यांनी सैन्याची घडी नीट बसवली. पण नाशिकच्या मतदाराला त्या वर्षी मत द्यायचं कामच उरलं नाही, हेही खरं.

आता ज्या देशात आमदार-खासदारांना लढाईवर सरळ मत द्यावं लागतं तिकडं बघू. अमेरिकेच्या संविधानात युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. कागदावर हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं. प्रत्यक्षात मत कधी मागितलं जातं, यावर मत काय पडणार हे बरंचसं ठरतं.

एकाच देशाशी झालेल्या दोन लढायांची दोन मतदानं शेजारी ठेवा. जानेवारी 1991 मध्ये कुवेतवरून इराकशी लढण्याचा ठराव आला. आधीच्या नोव्हेंबरात निवडणुका होऊन गेल्या होत्या, पुढच्या दोन वर्षांनी. सिनेटमध्ये 52 विरुद्ध 47, खालच्या सभागृहात 250 विरुद्ध 183. इराकनं दुसरा देश गिळला होता, संयुक्त राष्ट्रांची परवानगी हातात होती, कारण भक्कम होतं. तरी मतं इतकी विभागलेली. ऑक्टोबर 2002 मध्ये पुन्हा इराक. या वेळी कारण संशयाचं होतं, अण्वस्त्रं-रासायनिक अस्त्रं असावीत असं. आणि निवडणूक चार आठवड्यांवरही नव्हती. सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23, खाली 296 विरुद्ध 133. कारण दुबळं झालं आणि बहुमत वाढलं! अस्त्रं नंतर सापडलीच नाहीत. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची जखम ताजी होती हे मान्य. पण लोकप्रतिनिधीसमोर दोन आठवड्यांनी प्रचारसभा आणि चार आठवड्यांनी मतपेटी असेल, तर तो पुरावा तपासतो की स्वतःची जागा, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा निवडणुकीच्या महिन्यात नळपट्टी वाढवायला हात वर करत नाही.

यातला सगळ्यात चटका लावणारा माणूस मॅक्स क्लीलँड. जॉर्जिया राज्याचा सिनेटर. व्हिएतनामच्या लढाईत त्यानं दोन्ही पाय आणि एक हात गमावला होता. इराकच्या ठरावाला त्यानं होकार दिला. तरी त्या नोव्हेंबरात तो हरला. अंतर्गत सुरक्षेच्या एका विधेयकावरच्या त्याच्या मतांवरून विरोधकांनी त्याच्यावर जी जाहिरात केली तिच्यात ओसामा आणि सद्दामचे चेहरे दाखवले होते. तीन अवयव देशासाठी दिलेल्या माणसाला देशभक्तीची परीक्षा पुन्हा द्यावी लागली आणि होकार देऊनही तो नापास ठरला. घाबरून मत दिल्यानं संशय टळतो, असा ज्याचा हिशेब असेल त्यानं क्लीलँड आठवावा.

नाही म्हणणारे मोजकेच असतात आणि त्यांची नावं म्हणूनच लक्षात राहतात. जीनेट रँकिननं 1917 मध्ये पहिल्या महायुद्धाविरुद्ध मत दिलं तेव्हा तिच्याबरोबर 49 जण होते. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी ती 388 विरुद्ध एकटी होती. त्या दिवशी ती चुकली असं मला वाटतं. हल्ला झालेला होता, शत्रू समोर होता. पण तिला चुकायची मोकळीक होती, आणि ती नसेल तर बाकी 388 मतांना मतं तरी कसं म्हणायचं? ऑगस्ट 1964 मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचं सांगून व्हिएतनामचा रस्ता मोकळा करणारा ठराव आला. सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. विरोध करणारे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग दोघंही 1968 मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. ठराव सभागृहात पुढे रेटणारे फुलब्राइट नंतर जाहीरपणे पस्तावले. पस्तावा करायला ते सिनेटमध्ये होते, बरोबर ठरलेले दोघं नव्हते.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे लोकमत वाईट आणि खासदार बिचारे? तसं नाही. ऑगस्ट 2013 मध्ये ब्रिटनच्या संसदेत सीरियावर हल्ल्याचा ठराव 285 विरुद्ध 272 असा पडला, कारण इराकनं पोळलेले मतदार आपापल्या खासदाराला पत्रं लिहीत होते. लोकमतानं लढाई थांबवली. त्याच संसदेनं मार्च 2003 मध्ये इराकला 412 विरुद्ध 149 नं होकार दिला होता, पण त्याआधी लढाईविरोधी दुरुस्तीवर सत्ताधारी मजूर पक्षाचे 139 खासदार स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध गेले आणि त्यासाठी कुणाची खासदारकी गेली नाही.

आपल्याकडे ती गेली असती. 1985 पासून संविधानात पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे. पक्षानं व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा आदेश काढला, तो मोडून मत दिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयाराम थांबवायला आणलेला हा कायदा आयाराम-गयारामांना किती थांबवतो हे महाराष्ट्रानं अलीकडे डोळ्यांनी पाहिलं. एकट्या खासदाराची मान मात्र तो बरोबर पकडतो. म्हणजे उद्या लढाईवर मतदान घ्यायचं ठरलं तरी ते खासदारांचं नसेल, पाच-सहा पक्षकार्यालयांचं असेल.

आणि तरीही आपल्या संसदेनं एकदा लढाई टाळायला मदत केली होती. 8 एप्रिल 2003 ला लोकसभेनं इराकवरच्या अमेरिकी कारवाईविरुद्ध एकमतानं ठराव केला. हिंदी मसुद्यात "निंदा" आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द, यावरून बरीच रस्सीखेच झाली होती. शब्दांची कुस्ती म्हणून तेव्हा आम्ही हसलो. पण पुढच्या महिन्यांत अमेरिका भारतीय फौज इराकमध्ये मागत होती, सरकारमधले काही जण अनुकूल होते, आणि 14 जुलैला वाजपेयी सरकारनं नकार दिला. लोकमत विरोधात होतं आणि लोकसभेचा ठराव कागदावर होता. दोन्हींचा टेकू सरकारला मिळाला. याउलट 1987 मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली तेव्हा आधी संसदेचा कौल घेतला नव्हता. मार्च 1990 मध्ये ती परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. ती फौज जाण्याआधी लोकसभेत दोन दिवस वाद झाला असता, तर ती परत कधी आणायची हा प्रश्न तरी पहिल्याच दिवशी कुणी विचारला असता.

1971 चं उदाहरण दोन्ही बाजू वापरतात, म्हणून जरा सावकाश बघू. 31 मार्चला संसदेनं पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमतानं केला. निर्वासितांचे लोंढे येत होते, देश म्हणत होता लगेच घुसा. जयप्रकाशांसारखा माणूस बांगलादेशाला मान्यता द्या म्हणत होता. सैन्य एप्रिलमध्ये तयार नव्हतं; सेनाप्रमुख माणेकशांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि इंदिरा गांधींनी ऐकलं. आठ महिने लोकांचा धीर सुटत होता, सरकारचा सुटला नाही. डिसेंबरात तेरा-चौदा दिवसांत काम झालं. देशभक्तीच्या लाटेवर एप्रिलमध्ये लोकसभेत मतदान घेतलं असतं तर "आत्ताच" असाच कौल आला असता, आणि तो चुकीचा ठरला असता. म्हणजे माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावा आहे हा, मी तो लपवत नाही. पण यातलं मर्म बघा: निर्णय चांगला झाला कारण एका माणसानं तोंडावर "नाही, आत्ता नाही" म्हटलं आणि त्याची नोकरी गेली नाही. ते म्हणणारा तेव्हा बंद खोलीतला सेनाप्रमुख होता. सभागृहातल्या एखाद्याला ते म्हणता यावं, एवढीच तर मागणी आहे.

आता तो राहिलेला आक्षेप, शत्रू दारात असताना मतदान कसलं. मान्य. हल्ला परतवायला, एका रात्रीच्या कारवाईला कुणी लोकसभेची घंटा वाजवत बसणार नाही. गुप्तता गेली तर जवान मरतात. पण लढाई आठवड्याच्या पुढं गेली, किंवा फौज परदेशात पाठवायची झाली, तर? जर्मनीत फौज बाहेर पाठवायला संसदेची संमती लागते, 1994 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तसा निकाल दिला. जर्मनी काही दुबळी झाली नाही. आणि निदान नंतरची झाडाझडती? मे 2025 मध्ये विरोधकांनी विशेष अधिवेशन मागितलं, ते बोलावलं गेलं नाही. 10 मेला लढाई थांबली आणि लोकसभेत चर्चा सुरू झाली 28 जुलैला, अडीच महिन्यांनी. चर्चा झाली हे चांगलंच. मतदान नव्हतं, चौकशी समितीही नाही. 1999 मध्ये कारगिल संपताच महिन्याभरात वाजपेयी सरकारनं सुब्रह्मण्यम समिती नेमली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेसमोर आला. तेव्हा जमलं ते आज का जमू नये?

मी मात्र बोट दिल्लीकडे रोखून थांबणार नाही, कारण खासदार गप्प बसतो तो आमच्या धाकानं. 2019 मध्ये धुळ्याचे खासदार सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते. बालाकोटच्या हवाई हल्ल्याला दोन महिने झाले होते. संरक्षण खातं थेट आपल्या मतदारसंघात चालून आलेलं. त्या निवडणुकीत धुळ्यात-जळगावात कुणी त्यांना संरक्षणावर एक अवघड प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. घोषणा मात्र आठवतात. त्याच महिन्यात लातूरजवळ औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना आपलं मत बालाकोटच्या वीरांना अर्पण करायला सांगितलं. भामरे मोठ्या फरकानं आले. 2024 ला तेच चार हजारांहून कमी मतांनी हरले, तेव्हा लोकांच्या तोंडी कांद्याची निर्यातबंदी आणि कापसाचे भाव होते. कारणं पुष्कळ असतील, मालेगावची गणितं वेगळी. पण दोन्ही वेळा संरक्षण हा विषय म्हणून कुणी तपासला नाही. एकदा तो भावना म्हणून आला, एकदा आलाच नाही.

आणि पैशाचं काय? 2023-24 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 5 लाख 94 हजार कोटी रुपये होते. त्या वर्षी लोकसभेनं अख्खा अर्थसंकल्प गोंधळात, चर्चेविना मंजूर केला. 2018 मध्येही तसंच झालं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये संरक्षण उत्पादनातल्या संपांवर बंदी आणणारं विधेयक लोकसभेत गदारोळात, आवाजी मतदानानं पार पडलं. वरणगाव-भुसावळच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पोटाशी थेट संबंध असलेला कायदा. आमच्या खासदारानं "हो" म्हटलं की तो अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, वेलमध्ये कागद फाडत होता, की कॅन्टीनमध्ये होता, हे त्या कामगाराला कधीच कळणार नाही, कारण आवाजी मतदानात नाव नोंदलं जात नाही. देशरक्षणाच्या प्रत्येक विषयावर नावानिशी मतदान आणि व्हिपपासून सुट्टी, एवढे दोन बदल झाले तरी मला पुरे. पहिल्याला तर घटनादुरुस्तीही लागत नाही, एखाद्या सदस्यानं मतविभाजन मागून त्याचा आग्रह धरावा लागतो.

थंडीत यावलकडे एका मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, धूर डोळ्यांत जात होता. मी जरा गमतीनंच प्रश्न टाकला. समजा लढाईच्या तोंडावर आपला खासदार लोकसभेत उभा राहिला आणि म्हणाला, "आधी मला पुरावा दाखवा, मग हात वर करतो." पुढच्या निवडणुकीत त्याला मत द्याल?

केळीवाले जिभाऊ म्हणाले, "आधी पक्ष कोणता ते सांगा, गुरुजी." सगळे हसले. एक तरुण शिक्षक म्हणाला, देऊ, पण लढाई संपल्यावर; मधे असं बोलणं बरं दिसत नाही. कुणीतरी म्हणालं, तोवर तो कशाला निवडून येतोय.

वांगी सोलत बसलेला एक निवृत्त सुभेदार होता, तो इतका वेळ काही बोलला नव्हता. मी त्याला विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

"माझं मत पोस्टानं जायचं," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत दोन वेळा कागद हातात पडले तेव्हा इकडं निकाल लागलेला होता." आणि त्यानं सोललेलं वांगं परातीत टाकलं.